क्लोद बेर्नार

क्लोद बेर्नार (१२ जुलै, १८१३ – १० फेब्रुवारी, १८७८) हे फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक होते. मेंदू, हृदय व चयापचय यांतील संबंध प्रयोगांनी उलगडणाऱ्या आद्य संशोधकांत त्यांची गणना होते.

जीवन

सें-जुलियाँ या गावी द्राक्षमळ्यात राबणाऱ्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. ल्यों येथे औषधाच्या दुकानात उमेदवारी करताना ते नाटके लिहीत. परंतु पॅरिसमधील एका समीक्षकाच्या सल्ल्यावरून ते वैद्यकाकडे वळले. फ्रांस्वा माझांदी हे त्यांचे गुरू होत.

संशोधन

मेंदूतील चौथ्या विवराच्या तळाशी सुई टोचल्यास सशाच्या लघवीत काही काळ साखर उतरते, असे त्यांना १८४९ मध्ये आढळले. शर्करेच्या नियमनात मज्जासंस्थेचा वाटा असल्याचे त्यातून स्पष्ट झाले. रक्तवाहिन्यांचे आकुंचन-प्रसरणही मज्जातंतूंच्या अधीन असते, हे त्यांनी दाखविले. १८५७ मध्ये त्यांनी यकृतातील ग्लायकोजेन वेगळे केले. १८६५ मध्ये सोर्बोन येथे हृदय व मेंदू यांच्या संबंधांवर व्याख्यान दिले.

विवाद व अखेर

ज्या पत्नीच्या हुंड्यामुळे त्यांना संशोधन चालू ठेवता आले, तिचाच जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांना तीव्र विरोध होता. अखेर दोघे विभक्त झाले. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झालेले ते पहिले फ्रेंच वैज्ञानिक होत.