रुडॉल्फ डिझेल आणि गोड्या तेलावर चाललेलं इंजिन

पातळी ४ : चरित्र

पुकेकोहेच्या लाल मातीत कांदे आणि बटाटे पिकतात. तिथल्या शेतांमधले ट्रॅक्टर डिझेलवर चालतात. पुकेकोहे ते पापाकुरा ही रेल्वेसुद्धा २०२२ पर्यंत डिझेलवर चालायची. आता ती विजेवर चालते. 'डिझेल' हा शब्द आपण नेहमी ऐकतो, पण ते मुळात एका माणसाचं आडनाव आहे. त्या माणसाचं पूर्ण नाव होतं रुडॉल्फ डिझेल.

दोन देशांतला मुलगा

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. त्याचे आईवडील जर्मन होते. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे. म्हणजे घर जर्मन आणि बाहेरचं जग फ्रेंच. तुमच्यापैकी अनेकांना हे ओळखीचं वाटेल!

१८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्यांमध्ये युद्ध सुरू झालं. जर्मन लोकांना पॅरिस सोडावं लागलं. डिझेल कुटुंब लंडनला गेलं. तिथे हातात पैसे फार कमी होते. म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्यालाच जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग या गावी नातेवाइकांकडे पाठवलं. ते काका गणिताचे शिक्षक होते. रुडॉल्फ तिथे रमला. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्र लिहून कळवलं की मला इंजिनिअर व्हायचंय.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो म्युनिकला शिकायला गेला. शिष्यवृत्ती म्हणजे हुशार विद्यार्थ्याला शिकण्यासाठी मिळणारे पैसे. तिथे कार्ल फॉन लिंडे नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या वर्गात रुडॉल्फला एक गोष्ट कळली आणि ती त्याच्या मनात घर करून बसली. त्या काळातली वाफेची इंजिनं कोळशाची नव्वद टक्के उष्णता वाया घालवत होती. कामाला येत होती ती फक्त दहा टक्के.

ठिणगीशिवाय आग

डिझेल यांना या वाया जाणाऱ्या उष्णतेचं वाईट वाटायचं. आणखीही एक गोष्ट त्यांना खुपत होती. वाफेचं इंजिन मोठं आणि महाग असायचं. ते मोठ्या कारखानदारालाच परवडायचं. मग गावातल्या विणकराने, सुताराने, लोहाराने काय करायचं? या लहान माणसांना परवडेल असं छोटं इंजिन बनवायचं, असं डिझेल यांनी ठरवलं.

त्यांची कल्पना समजून घ्यायला सायकलचा पंप घ्या. चाकात जोरजोरात हवा भरा आणि मग पंपाला खालच्या बाजूला हात लावून बघा. तो गरम लागतो. हवा दाबली की ती तापते. डिझेल यांनी विचार केला, की हवा खूप जास्त दाबली तर ती इतकी तापेल की तिच्यात तेल सोडताच ते आपोआप पेट घेईल. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. ठिणगी म्हणजे आगीचा छोटासा कण. डिझेल यांच्या इंजिनाला ठिणगी लागणारच नव्हती.

१८९३ मध्ये त्यांना या कल्पनेचं पेटंट मिळालं. पण कागदावरचं इंजिन लोखंडात उतरवणं सोपं नव्हतं. ऑगस्ट १८९३ मध्ये पहिली चाचणी झाली, तेव्हा दाब इतका वाढला की दाब मोजायचं उपकरणच फुटलं. डिझेल थोडक्यात वाचले. पुढच्या फेब्रुवारीत इंजिन पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर चाललं. किती वेळ? जेमतेम एक मिनिट! तरीही त्यांनी काम सोडलं नाही. शेवटी १८९७ मध्ये म्युनिकच्या एका प्राध्यापकांनी नवं इंजिन तपासलं. ते २६ टक्के उष्णता कामाला लावत होतं. म्हणजे वाफेच्या इंजिनापेक्षा अडीचपट जास्त.

पॅरिसचं प्रदर्शन

१९०० साली पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे ओटो नावाच्या कंपनीने एक छोटं डिझेल इंजिन चालवून दाखवलं. त्यात घातलं होतं शेंगदाण्याचं तेल, ज्याला तुमची आजी कदाचित 'गोडं तेल' म्हणत असेल. इंजिन इतकं छान चाललं की तेल वेगळं आहे हे फार थोड्या लोकांच्या लक्षात आलं.

डिझेल यांनी हे इंजिन शेंगदाण्याच्या तेलासाठीच बनवलं होतं, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते खरं नाही. सुरुवातीला त्यांचा भर रॉकेलसारख्या खनिज तेलांवर होता. खनिज म्हणजे जमिनीतून काढलेलं. शेंगदाण्याच्या तेलाची कल्पना फ्रान्सच्या सरकारची होती. आफ्रिकेत फ्रान्सच्या वसाहती होत्या. तिथे भुईमूग भरपूर पिकायचा, पण कोळसा आणि खनिज तेल बाहेरून आणावं लागायचं. जे जवळ पिकतं त्यावरच इंजिन चालवता आलं तर बरं, हा त्यामागचा विचार.

डिझेल यांना ही गोष्ट आवडली. त्यांनी नंतर स्वतःही वनस्पती तेलांवर प्रयोग केले. १९१२ मध्ये लंडनच्या भाषणात ते याबद्दल बोलले. आज या तेलाला फार महत्त्व नसेल, पण पुढे खनिज तेल आणि कोळशाइतकं महत्त्व त्याला येऊ शकतं, असं त्यांचं मत होतं.

दुःखाचा शेवट

डिझेल यांचं नाव जगभर झालं. पैसाही खूप आला. पण तो चुकीच्या जागी गुंतवला गेला. पेटंटवरून भांडणं झाली. कामाच्या ताणाने तब्येत बिघडली. डोक्यावर कर्ज झालं.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी ते बेल्जियमहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या जहाजावर होते. रात्री जेवून ते आपल्या खोलीत गेले. सकाळी ते तिथे नव्हते. काही दिवसांनी समुद्रात एक मृतदेह सापडला. त्याच्याजवळच्या वस्तू वडिलांच्याच आहेत, हे त्यांच्या मुलाने ओळखलं. त्या रात्री नेमकं काय घडलं, हे कुणालाच खात्रीने सांगता आलेलं नाही. तेव्हा ते ५५ वर्षांचे होते.

तोपर्यंत त्यांचं इंजिन मोठ्या कारखान्यांत आणि जहाजांत पोचलं होतं. विणकर आणि सुतार मात्र बाजूलाच राहिले.

स्वप्नाचा उरलेला भाग

आता आपण महाराष्ट्रात जाऊ. पूर्वी तिथले शेतकरी विहिरीतून मोटेने पाणी काढायचे. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. ती बैल ओढायचे. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी सुरू झाली. तिची छोटी डिझेल इंजिनं विहिरींवर बसली आणि बैलांचं काम ती करू लागली. शेतकरी त्यांना नुसतं 'इंजिन' म्हणायचे. लहान माणसाच्या हाती छोटं इंजिन, हे डिझेल यांचं स्वप्न असं विहिरीच्या काठावर खरं झालं.

आणि गोड्या तेलाचं काय झालं? खनिज तेल स्वस्त मिळू लागलं, म्हणून वनस्पती तेल मागे पडलं. शिवाय ते घट्ट असतं. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं, ते तुम्ही पाहिलं असेल. असं तेल इंजिनाच्या बारीक छिद्रांत अडकतं. म्हणूनच उरलेलं तळणीचं तेल गाडीच्या टाकीत थेट ओतायचं नसतं. १९३७ मध्ये बेल्जियमच्या एका शास्त्रज्ञाने यावर उपाय शोधला. तेलात अल्कोहोल मिसळून रासायनिक क्रिया केली, की ग्लिसरीन वेगळं होतं आणि पातळ इंधन उरतं. यालाच आज आपण बायोडिझेल म्हणतो.

ऑकलंडमध्ये वीरी इथे झेड एनर्जी कंपनीने प्राण्यांच्या चरबीपासून बायोडिझेल बनवायचा कारखाना काढला होता. चरबी महाग झाली आणि २०२० मध्ये त्याचं काम थांबलं. यंत्र चांगलं असलं तरी कच्चा माल परवडायला हवा! शेतात इंधनासाठी पीक घेतलं, तर खायचं तेल महाग होऊ शकतं. तळणीचं वापरलेलं तेल घेतलं, तर ती अडचण येत नाही. पण जगातल्या सगळ्या गाड्यांना पुरेल इतकं ते नाही.

जवळ जे मिळतं त्यावर चालणारं इंजिन रुडॉल्फ डिझेल यांनी जगाला दिलं. त्यात काय घालायचं, हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. तो आता तुमच्या पिढीकडे आला आहे.

वाचून झाल्यावर

१. रुडॉल्फला लहानपणी पॅरिस का सोडावं लागलं?
२. पेट्रोलचं इंजिन आणि डिझेलचं इंजिन यांत मुख्य फरक कोणता?
३. शेंगदाण्याच्या तेलाबद्दल कोणती चुकीची गोष्ट सांगितली जाते? खरं काय आहे?
४. तुमच्या घरी तळणीचं उरलेलं तेल कुठे जातं? घरच्यांना विचारा आणि पाच वाक्यं लिहा.