संशोधक बाबासाहेब : एका प्रश्नासाठी अनेक विषयांचा धांडोळा



१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले की आपल्या शाळांमध्ये भाषणांची तयारी सुरू होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरची भाषणं मुलं छान पाठ करतात. जन्म, शिक्षण, पदव्यांची यादी, चवदार तळं, राज्यघटना. पण त्या पदव्या मिळवताना हा माणूस ग्रंथालयात बसून नेमकं काय शोधत होता, ते भाषणात येत नाही. महाड-पोलादपूरच्या मुलांना तर ते माहीत असायलाच हवं, कारण त्या शोधाचा एक धागा थेट आपल्या महाडच्या तळ्यापर्यंत येतो. म्हणून आजचा हा चरित्रपाठ थोडा वेगळा आहे.

आधी एक शब्द समजून घेऊ. शोधनिबंध म्हणजे एखाद्या अभ्यासकाने एकच प्रश्न घेऊन, पुरावे देऊन लिहिलेला लेख. तो बहुतेक वेळा त्या त्या विषयाच्या नियतकालिकात छापून येतो. अर्थशास्त्राची नियतकालिकं वेगळी, इतिहासाची वेगळी, मानववंशशास्त्राची आणखी वेगळी. तेव्हा संगणक नव्हते. ग्रंथालयाची सूची चाळायची, एक लेख काढायचा, त्याच्या तळटिपेत दुसऱ्याचं नाव सापडलं की ते शोधायला पुढच्या कपाटाकडे जायचं. असं महिनोन्‌महिने चालायचं.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणजे आपल्या शेजारचंच. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते. मुलाला पुस्तक हवं असलं आणि पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडून उसने पैसे आणत, प्रसंगी मुलींचा दागिना गहाण ठेवून आणत. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये असताना भीमरावांना संस्कृत शिकायचं होतं, पण अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं.

बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी घेतलेल्या विषयांचा हिशोब पाहा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन या भाषांचा प्रत्येकी एक. मुख्य विषय अर्थशास्त्र. मग बाकीचं कशाला? मला वाटतं, त्यांच्या मनातला प्रश्न कुठल्याही एका विषयाच्या कपाटात मावणारा नव्हता. जात म्हणजे काय, ती आली कुठून आणि कधीपासून, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात अर्धंच सापडतं. इतिहासातही अर्धंच.

९ मे १९१६ रोजी त्यांनी प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. या निबंधात त्यांनी आधीच्या चार अभ्यासकांच्या जातीच्या व्याख्या एकापुढे एक मांडल्या : फ्रान्सचे सेनार, इंग्रज अधिकारी नेसफील्ड आणि रिस्ले, आणि चौथे आपले डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढे ज्यांनी मराठी ज्ञानकोश केला ते. प्रत्येकाचं काय बरोबर आणि काय राहून गेलं ते दाखवलं. मग स्वतःचं म्हणणं मांडलं की जातीचा गाभा म्हणजे जातीतल्या जातीतच लग्न. सतीची चाल, विधवेवरची बंधनं आणि बालविवाह या तिन्ही रूढी ती कुंपणं टिकवण्यासाठी कशा आल्या, हेही उलगडलं. एका जातीची चाल दुसऱ्या जातीत कशी पसरते हे सांगताना त्यांनी आधार घेतला तो तार्द नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाचा. तार्दने अनुकरणाबद्दल लिहिलं होतं, भारताच्या जातींबद्दल नव्हे. दुसऱ्याच अंगणातलं अवजार आणून आपल्या शेतात चालवायचं, ही बाबासाहेबांची पद्धत इथे पहिल्यांदा स्वच्छ दिसते. हा निबंध मे १९१७ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. आज तो कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. इंग्रजी थोडं जड आहे, पण लांबीला फार नाही.

१९१६ साली ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परत यावं लागलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. न्यूयॉर्क-लंडनमध्ये पोटाला चिमटा काढून जमवलेली पुस्तकं ज्या जहाजातून येत होती ते जहाज शत्रूने बुडवलं. ज्यांनी कधी पुस्तकं जमवली आहेत त्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको.

१९१८ साली त्यांनी एक निबंध लिहिला, तो पोलादपूरच्या वाचकांनी मुद्दाम वाचावा. विषय, हिंदुस्थानातल्या शेतीचे लहान तुकडे. आपल्याकडे डोंगरउतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन, सातबाऱ्यावर दहा नावं आणि निम्मं गाव मुंबईला, हे चित्र आपण रोज बघतो. बडोद्याच्या समितीचा अहवाल आणि कीटिंगसारख्या अधिकाऱ्यांचे उपाय त्यांनी तपासले आणि म्हटलं की नुसते तुकडे जोडून भागणार नाही. शेत लहान की मोठं हे एकरावर ठरत नाही. त्या जमिनीवर अवजारं, भांडवल आणि माणसं किती, यावर ते ठरतं. शेतीवर जास्तीची माणसं बसून आहेत, त्यांना काम द्यायला उद्योग हवेत. शंभरहून जास्त वर्षं झाली या निबंधाला.

१९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय, इंडिया ऑफिसचं ग्रंथालय, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचं ग्रंथालय, हेच त्यांचं घर. इथे ते सरकारी अहवाल, अंदाजपत्रकं आणि चलनविषयक समित्यांचे कागद उपसत होते. केन्ससारख्या नावाजलेल्या अर्थतज्ज्ञाचं मत त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधात खोडून काढलं. १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली आणि तो प्रबंध पुस्तकरूपानं आला. याच काळात ते बॅरिस्टरही झाले.

आता आपण महाडला येऊ.

मुंबई विधिमंडळात १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी खूप धडपड केली होती. (आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता.) परिषदेला आलेल्या माणसांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. गावात एवढं मोठं तळं असताना! २० मार्चला बाबासाहेब सर्वांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळं पंचगव्यानं ‘शुद्ध’ करण्यात आलं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा काही मंडळी दिवाणी कोर्टात गेली आणि मनाईहुकूम आणला. बाबासाहेबांनी तो हुकूम पाळला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, तळ्यातलं पाणी मात्र घेतलं नाही.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला माहीत असते. कोर्टातली गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची आहे. दावा दहा वर्षं चालला. महाडच्या कोर्टात १९३१ साली निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला, ठाण्याच्या अपिलात १९३३ साली तोच राहिला, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने शेवटचा शिक्का मारला. वादींचं म्हणणं होतं की अस्पृश्यांनी इथे न येणं ही अनादि काळापासूनची रूढी आहे. न्यायालयाचा रोख साधा होता : अनादि म्हणजे कधीपासून, ते दाखवा. अलीकडच्या काळात अस्पृश्य तळ्यावर येत नव्हते एवढं वादींना दाखवता आलं. फार पूर्वीपासून तसंच होतं, याचा पुरावा त्यांना देता आला नाही. आणि दावा पडला.

कधीपासून? बाबासाहेब १९१६ पासून कपाटांकडे हाच प्रश्न घेऊन जात होते. पुढे १९४६ आणि १९४८ साली शूद्रांवर आणि अस्पृश्यांवर त्यांची दोन पुस्तकं आली. दुसऱ्या पुस्तकातली शोधाची वाट थोडी सविस्तर बघू. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, असं तेव्हा बरेच जण मानत. त्यासाठी त्यांनी माणसांच्या डोक्या-नाकांच्या मोजमापांचे तक्ते काढले. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी ती मापं अभ्यासली होती. त्या आकड्यांवरून वेगळ्या वंशाची गोष्ट टिकत नाही, हे दाखवलं. गावाबाहेर वस्ती का, याला जोड शोधताना ते आयर्लंड आणि वेल्सच्या जुन्या कायद्यांपर्यंत गेले. तिथेही परक्या टोळीच्या माणसांना गावकुसाबाहेर ठेवत. मग स्मृतिग्रंथ आणि फाहियान, युआन श्वांग या चिनी प्रवाशांची वर्णनं एकमेकांशेजारी ठेवली आणि अस्पृश्यता साधारण इसवी सन ४०० च्या सुमारास सुरू झाली, असा निष्कर्ष काढला. ज्याला सगळे अनादि म्हणत होते त्याला त्यांनी एक साल दिलं.

त्यांचा हा सिद्धांत सगळ्या अभ्यासकांना मान्य आहे असं नाही. पुराव्याच्या साखळीत काही कड्या सापडत नाहीत आणि तिथे आपण तर्कानं पूल बांधला आहे, हे त्यांनी स्वतःच प्रस्तावनेत कबूल केलं आहे. वर्गात शिकवताना हेही मुलांना सांगायला हरकत नाही.

शाळेत नाकारलेलं संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतलं. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं. महाडचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाविद्यालयही त्याच संस्थेचं. आपल्या तालुक्यांतले कितीतरी शिक्षक तिथूनच पदवी घेऊन आले आहेत.

अखेरच्या वर्षांत मधुमेह आणि पायदुखीनं ते बेजार होते, तरी बुद्ध आणि त्याच्या धम्मावरचा ग्रंथ लिहीत होते. केळुसकर गुरुजींनी दिलेल्या त्या पुस्तकापासून जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. ६ डिसेंबर १९५६ ला त्यांचं महापरिनिर्वाण झालं आणि ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचं लेखन खंडांच्या रूपात छापायला सुरुवात केली. त्यातला सोळावा खंड उघडून बघा. त्यात बाबासाहेबांनी तयार केलेलं पाली भाषेचं व्याकरण आणि शब्दकोश आहे, पाली शब्द आणि शेजारी त्यांचे अर्थ, पानांमागून पानं.