घटनांचा क्रम मांडणारे वीनर

नॉर्बर्ट वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात झाला. भाषातज्ज्ञ वडिलांनी त्यांना घरीच कडक शिस्तीत शिकवले. १४ व्या वर्षी ते पदवीधर झाले, १८ व्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट मिळाली. पुढे ते केंब्रिजला बर्ट्रांड रसेल यांच्याकडे शिकले. १९१४ च्या निबंधात त्यांनी घटनांचा क्रम गणितात मांडला. एक घटना संपल्यावर दुसरी सुरू झाली, तर पहिली आधीची; अन्यथा दोन्ही काही काळ एकत्र चालतात.

१९४८ च्या ‘सायबरनेटिक्स’ या ग्रंथाने वीनर जगप्रसिद्ध झाले. हा निबंध मात्र विस्मरणात गेला. १८ मार्च १९६४ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. नंतर इतर गणितज्ञांनी हीच रचना नव्याने शोधली.

रुग्णालयात दिवसभराच्या शस्त्रक्रियांना किती ऑपरेशन थिएटर लागतील, हे आज संगणक अशाच विचाराने काढू शकतो. सुरुवातीच्या आणि शेवटच्या सर्व वेळा क्रमाने लावून त्यांना १, २, ३ असे क्रमांक द्यायचे. मधली तास-मिनिटे सोडून द्यायची. एका वेळी जास्तीत जास्त जितक्या शस्त्रक्रिया चालू असतात, तितकीच थिएटर पुरतात.