सर जॉन चार्नली

इंग्लंडच्या वायव्येस लँकेशायर हा परगणा आहे. एके काळी तो सूतगिरण्यांसाठी जगभर प्रसिद्ध होता. त्या परगण्यातील बेरी या गावी २९ ऑगस्ट १९११ रोजी जॉन चार्नली यांचा जन्म झाला. त्यांच्या वडिलांचे औषधांचे दुकान होते. मँचेस्टरच्या विद्यापीठातून १९३५ मध्ये जॉन वैद्यकाचे पदवीधर झाले आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात शस्त्रवैद्याचे काम केले. हाडांच्या वैद्यकाइतकीच त्यांना यंत्रांची आणि अवजारांची आवड होती.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. ते कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खळग्यात फिरते. हाच खुब्याचा सांधा. रोगाने तो झिजला की हाडावर हाड घासते, आणि चार पावले चालणेही माणसाला नकोसे होते. अशा एका रोग्याच्या खुब्यात प्लॅस्टिकचा कृत्रिम गोळा बसविलेला होता. तो हलला की सांधा करकरत असे. त्या आवाजाने त्याची पत्नी इतकी त्रासून गेली, की ती त्याच्याबरोबर एका टेबलाशी जेवावयास बसेना! ऐकणारा हसून सोडून देईल अशी ही गोष्ट. पण चार्नली विचारात पडले. करकर म्हणजे घर्षण, आणि घर्षण म्हणजे आज ना उद्या सांधा ढिला होणे. तेव्हा गोळा पोलादाचा व लहान असावा आणि वाटी अतिशय निसरड्या पदार्थाची असावी, असे त्यांनी ठरविले.

विगन शहराजवळ रायटिंग्टन येथे पूर्वी क्षयरोग्यांचे रुग्णालय होते. तेथे चार्नली यांनी १९५८ पासून टेफ्लॉन नावाच्या निसरड्या पदार्थाच्या वाट्या बसविण्यास आरंभ केला. वर्षानुवर्षे खाटेला खिळलेली माणसे चालू लागली. सुमारे तीनशे रोग्यांवर हा उपचार झाला.

परंतु हा आनंद टिकला नाही. काही काळाने तेच रोगी दुखते खुबे घेऊन परत येऊ लागले. क्ष-किरणांनी काढलेल्या छायाचित्रांत कारण स्पष्ट दिसत होते. पोलादी गोळा मऊ वाटीत वर-वर रुतत चालला होता. झिजलेल्या टेफ्लॉनच्या कणांनी भोवतालच्या मांसात गाठी झाल्या होत्या आणि हाडही पोखरले जात होते. ती छायाचित्रे चार्नली यांच्याच हातच्या कामाविरुद्ध साक्ष देत होती. त्यांनी ती साक्ष नाकारली नाही. टेफ्लॉनचा व नव्या एका प्लॅस्टिकचा तुकडा त्यांनी स्वतःच्याच मांडीत बसवून घेतला. टेफ्लॉनच्या जागी त्यांना सूज आली!

हे नवे प्लॅस्टिक रुग्णालयात आले ते योगायोगाने. मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरला जाणारा पॉलिएथिलीनचा एक प्रकार घेऊन १९६२ मध्ये एक विक्रेता तेथे आला. चार्नली यांनी त्यात नख रुतवून पाहिले आणि तो निरुपयोगी ठरवून ते निघून गेले. त्यांचा साहाय्यक हॅरी क्रेव्हन मात्र चिकाटीचा होता. साहेब बाहेरगावी असताना त्याने तो तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर लावून दिला. तीन आठवडे यंत्र अहोरात्र फिरले, तरी टेफ्लॉन एका दिवसात जितका झिजे तितकाही तो तुकडा झिजला नाही. आपला निर्णय चुकला हे चार्नली यांनी तत्काळ मान्य केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नवी वाटी पहिल्या रोग्यास बसली.

या वेळी मात्र त्यांनी घाई केली नाही. इतर शस्त्रवैद्यांना हा सांधा मिळावा म्हणून त्यांनी कित्येक वर्षे संमती दिली नाही. रोग्यांना ठरावीक काळाने बोलावून ते क्ष-किरण छायाचित्रे काढवीत. प्लॅस्टिकमधून क्ष-किरण आरपार जातात, त्यामुळे वाटी छायाचित्रात उमटत नाही. यावर त्यांनी वाटीच्या पाठीवर धातूची बारीक तार बसविण्याची साधी युक्ती योजिली. तार आणि पोलादी गोळा यांतील अंतर मोजले की वाटी किती झिजली ते कळे. रोग्यांच्या मृत्यूनंतर तो सांधा तपासावयास मिळावा, अशी परवानगीही ते त्यांच्याकडून मागून घेत.

वाटी हाडात पक्की करण्यासाठी एक प्रकारचे सिमेंट वापरले जाई. छायाचित्रात हाड व सिमेंट यांच्यामध्ये काळी रेघ दिसू लागली, तर ती जागा बारकाईने पाहावी लागे. डीली या अमेरिकन शस्त्रवैद्यासह १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात चार्नली यांनी वाटीभोवतालच्या जागेचे तीन भाग पाडले आणि कोणत्या भागात रेघ आहे हे नोंदविण्याची रीत घालून दिली. विशेष हे, की कित्येक रोग्यांच्या छायाचित्रात रेघ दिसे, पण खुबा मुळीच दुखत नसे. म्हणून केवळ दुखण्यावर विसंबून चालत नसे. सुखरूप चालणाऱ्या माणसासही ते तपासणीस बोलावीत.

१९७७ मध्ये त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. आजही खुबा बदललेला रोगी दुखणे घेऊन आला, तर शस्त्रवैद्य प्रथम साधे क्ष-किरण छायाचित्र मागवितात आणि त्या तीन भागांत काळी रेघ शोधतात.