पहिला नांगर विकायला दोन वर्षं!

फंडिंग, पिच, इन्व्हेस्टर... पुण्यात कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर हे शब्द हमखास कानावर पडतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या काळात यातलं काहीच नव्हतं. तरीही त्यांची गोष्ट अस्सल स्टार्टअपची आहे.

1869 मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला त्यांचा जन्म झाला. चित्रकार व्हायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण काही रंग त्यांना ओळखूच येत नव्हते. मग ते यांत्रिक ड्रॉइंग शिकले आणि आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी नोकरीच सोडली.

बेळगावात भाऊ रामूअण्णांसोबत सायकलचं दुकान चालवलं, मग कडबा कापायचं यंत्र बनवलं, मग लोखंडी नांगर. पण लोखंडाने जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज! पहिला नांगर विकला जायला तब्बल दोन वर्षं लागली. त्यातच नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करायला सांगितलं.

आज कुठला इन्व्हेस्टर अशा धंद्यात पैसे घालेल? औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी घातले. कुंडल रोड स्टेशनजवळची जमीन आणि 10,000 रुपये बिनव्याजी. जमीन म्हणजे नुसता निवडुंगाचा माळ, वर सापांचा सुळसुळाट. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या जुन्या तोफा वितळवून नांगर घडवले. 1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली.

इथून पुढे लक्ष्मणराव स्वतःच गुंतवणूकदार झाले, फक्त पैशांपेक्षा माणसांमध्ये जास्त. डिग्री नसलेल्यांवर त्यांनी मोठी कामं सोपवली. शिक्षा भोगून आलेल्यांना चक्क रात्रीचे पहारेकरी नेमलं. मुलगा शंतनुरावांना शिकायला अमेरिकेतल्या एमआयटीत पाठवलं. त्याच शंतनुरावांनी 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली. लक्ष्मणराव 1956 मध्ये गेले.

औंधच्या राजांनी पैसे दिले, तेव्हा लक्ष्मणरावांकडे दाखवायला मोठा नफा नव्हता. होता तो न विकला गेलेल्या नांगरामागे दोन वर्षं चिकटून राहिल्याचा अनुभव. पुढचं पिच डेक बनवताना एक स्लाइड त्यासाठी ठेवाच.