आधी तंबोरा

अब्दुल करीम खाँसाहेबांची मैफल गाण्याच्या आधी, तंबोऱ्यांपाशीच सुरू व्हायची. १८७२ साली उत्तरेतल्या कैराना गावी गाण्या-वाजवण्याच्या घराण्यात ते जन्मले, लहानपणी सारंगी शिकले. गवई झाले, तरी तारेशी जडलेले नाते सुटले नाही.

तंबोऱ्याच्या तारा चार. मधल्या दोन जोडाच्या, षड्जात, शेवटची खर्जाची. पहिली बहुधा पंचमात. पण मारव्यात पंचमच वर्ज्य! तिथे ती निषादात लावायची. मग घोडीवर तारेखाली सुताचा धागा. तो केसभर सरकला की जवारी खुलते, नाहीतर मिटते. एका पैशाचा फरक सापडेपर्यंत आम्ही बँकवाले रात्री जागत असू. हा हिशेब त्याहून कडक, आणि तो कानानेच तपासायचा.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल बावीस श्रुतींचे गणित मांडत होते, क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश त्यांच्या जोडीला. आकडे ताडून पाहायला गळा मात्र खाँसाहेबांचा लागला! पुढे त्या गणितावर श्रुतींची हार्मोनियमही बनली. ती रुजली नाही, तंबोरा राहिला.

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांच्या छातीत कळ आली. सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर बिछाना घातला. त्याही वेळी त्यांनी आधी तंबोरा जुळवून घेतला, मग दरबारीच्या सुरांत प्रार्थना म्हटली. तिथेच त्यांनी देह ठेवला. कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे, तंबोरे घडवणाऱ्यांच्या गावात.