रखमाबाईंचा खटला माहीत आहे, पण त्यांच्या नावावरच्या मालमत्तेचं काय?

डॉ. रखमाबाई म्हटलं की बालपणी झालेलं लग्न नाकारणारी स्त्री आठवते. पण त्यांच्या आयुष्यात वारशाचा प्रश्नही तेवढाच मोठा होता.

22 नोव्हेंबर 1864 ला मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाई तेव्हा अवघ्या 17 वर्षांच्या होत्या. सहा वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला.

इथेच कायदा आडवा येत होता. 1856 च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची मुभा दिली, पण पहिल्या नवऱ्याच्या वारशावरचा हक्क काढून घेतला. जयंतीबाईंनी लग्नाआधीच मालमत्ता लहानग्या रखमाबाईच्या नावावर केली.

11 व्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजींशी झालं. त्या माहेरीच राहिल्या, शिकत गेल्या. 1884 मध्ये दादाजी कोर्टात गेले. बायको नांदायला यावी, ही मागणी. मालमत्तेवर डोळा असल्याचा आरोप दोन्ही बाजूंनी एकमेकांवर झाला.

1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. पण अपिलानंतर खटला पुन्हा चालला आणि मार्च 1887 मध्ये आदेश आला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर 1888 मध्ये दादाजींनी 2,000 रुपये घेऊन तडजोड केली.

पुढे रखमाबाई लंडनला वैद्यकशास्त्र शिकल्या, परतल्या आणि सुरत, राजकोटमध्ये अनेक वर्षं डॉक्टर म्हणून काम केलं. 25 सप्टेंबर 1955 ला त्यांचं निधन झालं. हिंदू स्त्रीला मालमत्तेची पूर्ण मालकी देणारा हिंदू वारसा कायदा लागू झाला 17 जून 1956 ला.

मग आज प्रश्न मिटला का?

पूर्ण नाही. मोहन्यातल्या चाळीतली खोली असो की कल्याणमधला फ्लॅट, याच कायद्याचं कलम 15 लागू होतं. मूलबाळ नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेलं घर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. तिच्या आईवडिलांचा नंबर त्यानंतर.

उपाय सोपा आहे. 18 वर्षं पूर्ण झालेली, मानसिकदृष्ट्या सक्षम असलेली कोणतीही स्त्री साध्या कागदावर मृत्युपत्र करू शकते. त्यावर तिची आणि दोन साक्षीदारांची सही लागते. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. पण पुढचे वाद टाळायला नोंदणी केलेली बरी.

जयंतीबाईंनी दीडशे वर्षांपूर्वी वेळेत कागद केला होता. तुमच्या घरातल्या बाईचा झालाय का?